पाने कुरतडलेली रोपे विकणारी नर्सरी : खंडवा रस्ता, इंदूर

तेजाजीनगर ओलांडून सिमरोलकडे जाताना, खंडवा रस्त्यापासून थोडे आत, एका जुन्या शेताच्या बांधाला लागून देशी झाडांची एक छोटी नर्सरी आहे. ती एक मराठी जोडपे चालवते. गिऱ्हाइके त्यांना काका-काकू म्हणतात आणि मीही येथे तेच म्हणणार आहे. इंदूरमधल्या ज्या घरांपुढे अजून अंगण उरले आहे, ज्या सोसायटीच्या कुंपणालगत चार हात मोकळी जागा आहे, किंवा ज्यांचे महू-मानपूरच्या बाजूला थोडेफार शेत आहे, त्यांनी या पावसाळ्यात झाड लावण्यापूर्वी येथे एकदा जावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांना दिवाळीपर्यंत भरगच्च हिरवळ आणि फुलांनी लगडलेल्या कुंड्या हव्या आहेत त्यांच्यासाठी मात्र ही जागा नाही, आणि काका तसे तोंडावर सांगतातही.

नर्सरीची पारख आपण बहुतेक जण पानांच्या तकाकीवरून करतो. देशी झाडांच्या बाबतीत हा निकष कामाचा नाही. पळस, मोह, उंबर, बोर यांच्यापैकी कोणतेच झाड एकट्याच्या बळावर जगत नाही. फुलात चोच घालणारा पक्षी, फळ उचलून दूर नेणारे वटवाघूळ, मुळाशी वस्ती करणारी बुरशी, पानांवर पोसणारी अळी आणि त्या अळीवर टपून बसलेला पक्षी अशा साऱ्या गोतावळ्यासह ते झाड या मातीत रुजलेले असते. म्हणून देशी रोपे विकणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो, की रोपाबरोबर त्याच्या या सोबत्यांची त्याने काय सोय ठेवली आहे. इंदूरमध्ये या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देणारी दुसरी नर्सरी माझ्या पाहण्यात नाही.

पहिली गोष्ट बियाण्याची. येथे रोपांच्या प्रत्येक रांगेपुढे पत्र्याची पाटी असून तिच्यावर झाडाचे मराठी नाव, त्याखाली हिंदी किंवा माळवी नाव, बी कोणत्या भागातून आणले आणि कोणत्या महिन्यात गोळा केले, एवढे चार तपशील लिहिलेले असतात. पळसाच्या पाटीवर ‘खाखरा’ आणि ‘चोरलजवळचे शेतबांध, जेठ’ असे वाचायला मिळते. हा तपशील हौसेखातर लिहिलेला नाही. एकाच जातीची झाडे वेगवेगळ्या पावसात आणि वेगवेगळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढली की त्यांची संतती त्या त्या परिस्थितीला सरावलेली असते, आणि वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि त्यानंतर आठ महिने जवळजवळ कोरडे, अशा माळव्याच्या पठारावर लावायचे झाड ओल्या प्रदेशातल्या बियाण्यापासून आलेले असेल, तर पहिले दोन उन्हाळे त्याला फार जड जातात. काकू एकाच भरघोस झाडाखालून पोतेभर बी उचलत नाहीत. एकमेकांपासून लांब असलेल्या अनेक झाडांखालून थोडे थोडे वेचतात, म्हणजे रोपांत विविधता राहते, आणि प्रत्येक झाडाखाली पाखरांसाठी व जनावरांसाठी पुरेसे बी शिल्लक राहते. राळामंडळ अभयारण्य इतके जवळ असूनही तेथून एकही बी आणले जात नाही, कारण अभयारण्यातून काही उचलणे कायद्याला धरून नाही. हेही त्या न विचारता सांगतात.

बियाण्याचा काळ हा या नर्सरीतला सर्वांत कडक नियम आहे. मोहाचे बी, ज्याला आपल्याकडे गुल्ली म्हणतात, जूनच्या सुमारास पिकते आणि झाडाखाली पडल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याची उगवणशक्ती संपते. ते वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही, कारण वाळणे हेच त्याचे मरण असते. निंबोळीचेही बरेचसे तसेच आहे. त्यामुळे डिसेंबरात कोणी मोहाचे बी मागितले तर ते येथे मिळत नाही, आणि बाजारात मिळाले तरी घेऊ नका, असे काकू बजावतात. निसर्गात ही घाई झाडाने आपल्या सोबत्यांवर सोपवलेली असते. मार्च-एप्रिलच्या रात्री मोहाच्या मांसल फुलांसाठी जी मोठी वटवाघळे येतात तीच पुढे पिकलेली फळेही उचलून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात, आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर बी आईच्या सावलीपासून दूर, ओल्या जमिनीवर येऊन पडते. ज्या गावाने वटवाघळांचे झाड तोडले त्या गावाला नव्या मोहासाठी नर्सरीवर अवलंबून राहावे लागते.

याच्या अगदी उलट स्वभावाची बियाणी दुसऱ्या कपाटात कागदी पुड्यांत ठेवलेली आहेत. बहावा, बाभूळ यांच्या बियांचे कवच इतके टणक असते की नुसत्या पाण्यात टाकून ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहू शकतात. बहाव्याच्या लांब शेंगेतला गर कोल्हे, माकडे आणि अस्वले खातात, त्यांच्या पोटातून जाताना कवच झिजते आणि विष्ठेबरोबर बी नव्या जागी पोहोचते. अंगणात कोल्हा येणार नसल्यामुळे पुडीवर सोपा उपाय छापला आहे, तो असा की बहाव्याचे बी खरखरीत कागदावर एका बाजूने घासावे, आणि बाभळीच्या बियांवर उकळते पाणी ओतून ते निवू देत रात्रभर ठेवावे. मी दोन्ही उपाय करून पाहिले असून उगवण चांगली झाली. पुडी घेताना बिया हातावर ओतून घ्याव्यात. बारीक, गोल, सुईने टोचल्यासारखे भोक दिसले तर आत भुंगेऱ्याची अळी वाढून बाहेर पडली आहे असे समजावे. या शेंगांवर अंडी घालणारे भुंगेरेही त्या झाडांचे जुनेच बिऱ्हाडकरू आहेत, पण त्यांनी खाल्लेले बी पैसे देऊन घेण्याचे कारण नाही. येथे अशा बिया निवडून काढलेल्या असतात, तरी एखादी सुटलेली आढळते.

गल्ल्याजवळ ठेवलेले मातीचे बीजगोळे मात्र मला पटले नाहीत. एकाच गोळ्यात कडुनिंब, बहावा, करंज आणि बोर यांचे बी मिसळलेले असते. यांतले एक काही आठवड्यांत मरणारे, दुसरे कवच घासल्याशिवाय न उगवणारे, आणि सगळ्यांना एकाच वेळी एकाच जागी रुजायला सांगितले जाते. टेकडीवर फेकलेल्या गोळ्यांतले बरेच बी उंदीर-मुंग्यांच्या वाट्याला जाते. शाळांकडून मागणी असते म्हणून ठेवतो, असे काका म्हणाले. ज्या नर्सरीला बियाण्याचा स्वभाव इतका नेमका ठाऊक आहे तिने शाळांनाही एका जातीची पुडी आणि सोबत खरखरीत कागदाचा तुकडा द्यावा, मुलांना त्यातून जास्त शिकता येईल.

आता माती. बाजारातल्या बहुतेक रोपांच्या पिशवीत कोकोपीट, लाल माती आणि वर रासायनिक खताचे दाणे असतात. रोप लवकर फुगते आणि काळ्या मातीत गेल्यावर रुसते. येथे पिशवीत शेतातली काळी माती, वाळू, घरचे कुजलेले खत आणि त्या त्या जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती असते. ही शेवटची मूठ सर्वांत मोलाची आहे, कारण तिच्यात मुळांशी नाते जोडणारी बुरशी असते, जिला शास्त्रज्ञ मायकोरायझा म्हणतात. जमिनीवरील बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत अशी बुरशी राहते. तिचे केसाहूनही बारीक तंतू मूळ जेथे पोहोचू शकत नाही तेथपर्यंत पसरतात, स्फुरद आणि पाणी आणून झाडाला देतात, आणि झाड पानांत तयार झालेली साखर तिला देते. मातीत सुपर फॉस्फेट सढळ हाताने टाकले की मुळांना या भागीदाराची गरज वाटेनाशी होते आणि नाते जुळतच नाही. म्हणून येथे रोपांना रासायनिक स्फुरद दिले जात नाही.

या खताच्या ढिगापाशी उभे राहिल्यावर इंदूरकराला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इंदुरात वनस्पतिउद्योग संस्था उभी राहिली, तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ढीग उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली आणि १९३१ साली ती प्रसिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्या संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्ड पुढे आयुष्यभर सांगत राहिले की जिवंत कुजमातीतच मुळे आणि बुरशी यांची गाठ पडते. काका याच रीतीने खत करतात, आणि ढीग उलटल्याची तारीख शेजारच्या फळीवर खडूने लिहितात. हे खत वेगळे विकतही मिळते. तुळशीपासून आंब्यापर्यंत कशालाही घालावे इतके ते चांगले आहे.

मातीच्याच बाबतीत नर्सरीची एक पाटी चुकीची आहे आणि ती बदलायला हवी. शेंगा येणाऱ्या झाडांच्या रांगेवर ‘ही सर्व झाडे जमिनीला नत्र देतात’ असे लिहिले आहे. पळस, करंज, खैर, बाभूळ, शिसम यांच्या मुळांवर गाठी येतात, त्यांत रायझोबियमसारखे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात बांधतात, हे खरे आहे. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या बहाव्याच्या आणि चिंचेच्या मुळांवर अशा गाठी होत नाहीत. बहावा लावण्याची कारणे पुष्कळ आहेत, त्याला नसलेला गुण चिकटवण्याची गरज नाही. मी हे काकांच्या कानावर घातले तेव्हा त्यांनी पाटी खाली उतरवली होती. ती नव्याने लिहून लागली की नाही हे जाणाऱ्याने पाहावे.

चंदनाच्या पिशवीत मात्र त्यांनी दाखवलेली समज दुर्मीळ आहे. चंदन अर्धपरजीवी आहे, म्हणजे पाने हिरवी असूनही त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात. शेजारी नसेल तर रोप पिवळे पडून खुरटते. म्हणून येथे चंदनाच्या प्रत्येक पिशवीत तुरीचे रोप सोबत वाढवलेले असते आणि विकताना ‘ही तूर तण समजून उपटू नका’ असे दोन वेळा सांगितले जाते. पुढे जमिनीत लावताना जवळ करंजासारखे टिकाऊ झाड असावे, हेही सांगतात.

आता शीर्षकातल्या पानांविषयी. नर्सरीत पाऊल टाकताच गिऱ्हाईक दचकते ते रोपांची पाने पाहून. बेलाच्या पानांना अर्धचंद्राकृती खाचा पडलेल्या असतात, बहाव्याची कोवळी पालवी जागोजाग खाल्लेली असते, रुईच्या पानांना भोके असतात. येथे कीटकनाशक मारले जात नाही, आणि ही भोके हीच त्या रोपांची खूण आहे. बेलावर आणि कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात आणि मोठ्या होताना हिरव्यागार होतात. बहाव्यावर पिवळसर पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या असतात. रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या पट्टेदार कपडे घालून उघडपणे चरत असतात, कारण रुईच्या चिकातले विष त्या अंगात साठवतात आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. फुलपाखराच्या बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. मध चाखायला फुलपाखरू कोणत्याही फुलावर बसेल, गुलमोहरावरही, पण अंडे घालताना ते पाय पानावर घासून आपले झाड ओळखते, आणि ते झाड वस्तीत नसेल तर पुढची पिढी तेथे होत नाही. अंगणात फुलपाखरे यावीत म्हणून लोक फुलझाडे मागतात, तेव्हा काकू त्यांच्या हातात आधी बेल आणि कढीपत्ता देतात.

अळी खाल्ली जाण्यासाठीही असते, हे सांगताना काकूंचा आवाज बदलतो. चिमणी एरवी दाणे टिपत असली तरी पिल्लांना ती सुरुवातीला किडे-अळ्या भरवते. ज्या मोहल्ल्यात एकही पान कुरतडले जात नाही तेथे चिमणीसाठी खोके टांगून काय होणार, असा त्यांचा प्रश्न असतो, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. निरोगी रोपाची तिसरा हिस्सा पाने गेली तरी पावसाळ्यात ते पंधरवड्यात पुन्हा पालवते. ज्याला याची धास्ती वाटते त्याने नर्सरीच्या मागच्या बाजूला जमिनीत लावलेला जुना बेल पाहावा.

त्या मागच्या भागातच एक बोर आहे, तिच्यापाशी बराच वेळ थांबण्यासारखे आहे. बोरीच्या पानांवर पिएरो नावाच्या इवल्या फुलपाखरांच्या चपट्या हिरव्या अळ्या असतात आणि त्यांच्याभोवती मुंग्यांची ये-जा चालू असते. अळीच्या अंगावरच्या ग्रंथीतून गोड थेंब पाझरतो, मुंग्या तो पितात आणि अळीवर अंडी घालायला टपलेल्या गांधीलमाश्यांना हुसकावतात. शेजारच्या आंब्यावर बांडगूळ आहे आणि ते जाणूनबुजून ठेवले आहे. शेतकरी बांडगूळ तोडतो, ते त्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण नर्सरीत एक राखल्यामुळे फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी तेथे हमखास दिसतो. बांडगुळाची फळे खाऊन चिकट बी तो फांदीवर पुसून टाकतो आणि तेथेच नवे बांडगूळ रुजते. पिवळ्या-लाल नक्षीच्या हळदी-कुंकू फुलपाखराच्या अळ्याही याच बांडगुळावर वाढतात. हे सारे पाहण्यासाठी वेगळे शुल्क नाही, कोणी माहिती सांगणारा मागे फिरत नाही, आणि खुर्ची मागितली तर मिळते.

उंबराविषयी येथे जो सल्ला मिळाला तो मी इतरत्र ऐकला नव्हता. उंबराचे फूल कोणी पाहत नाही, कारण फुले फळासारख्या दिसणाऱ्या बंद गोळ्याच्या आत असतात. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान अशी एक गांधीलमाशी त्या गोळ्याच्या तोंडातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात, आत ती काही फुलांवर परागकण सोडते, काहींत अंडी घालते आणि तेथेच मरते. काही आठवड्यांनी नवी पिढी तयार होते, पंख नसलेले नर भिंत कोरून वाट करून देतात आणि माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. प्रौढ मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचेच असते. एका झाडावरची उंबरे बहुधा एकाच वेळी पिकत असल्यामुळे तिला दुसरे झाड शोधावे लागते, जे नेमके त्याच दिवसांत कोवळ्या गोळ्यांवर आलेले असेल. उंबराला उंबराची माशी, वडाला वडाची, पिंपळाला पिंपळाची. एकीचे काम दुसरी करत नाही. म्हणजे शहरात उंबर एखादाच राहून चालत नाही. वेगवेगळ्या वेळी फळणारी पुष्कळ झाडे आसपास असली तरच माशी टिकते, आणि माशी टिकली तरच उंबरात बी धरते आणि तांबट, कोकीळ, मैना यांना बारा महिने कोठे ना कोठे फळ मिळते. म्हणून काका उंबराच्या फांद्या लावून रोपे करत नाहीत, कारण ती सारी एकाच झाडाची नक्कल होतील, बियांपासूनच करतात. आणि छोट्या प्लॉटवाल्याला ते उंबर देत नाहीत. घराच्या पायापासून लांब, नाल्याच्या काठी किंवा शेताच्या विहिरीजवळ जागा असेल तरच देतात. वड हा मध्य प्रदेशाचा राज्यवृक्ष असल्याने त्याला मागणी बरीच आहे, पण त्यालाही हाच नियम लागू आहे.

‘देशी’ या शब्दाच्या वापरात ही नर्सरी प्रामाणिक आहे. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करचे, देवळापुढचा खुरचाफा आणि झेंडू मेक्सिकोकडचे. आपल्या पूजेत ते कितीही रुळलेले असले तरी येथे ते देशीच्या रांगेत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीता अशोक आणि सोनचाफा यांच्या पाट्यांवर ‘भारतीय, पण माळव्याचे नाही’ असे स्पष्ट लिहिले आहे, कारण ही झाडे ओल्या जंगलांतली आहेत आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांना सतत पाणी द्यावे लागते. माझ्या एका परिचितांना शहरातल्या दुसऱ्या एका नर्सरीने ‘देशी, लवकर वाढणारे’ म्हणून कोनोकार्पसची रोपे दिली होती. ते झाड परदेशी आहे, आणि गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. १४ जुलै २०२४ रोजी आपल्या शहरात रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावण्याचा जागतिक विक्रम झाला. इतक्या हौसेने झाडे लावणाऱ्या शहरात पाटीवर खरे लिहिणाऱ्या नर्सऱ्या प्रत्येक दिशेला असायला हव्यात.

घरी येऊन जागा पाहण्याची सेवाही आहे. काका येतात, पहारीने माती उकरून पाहतात, ऊन कोणत्या बाजूने येते ते विचारतात आणि झाडांची नावे कागदावर लिहून देतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून कोवळी मुळे तुटतात, म्हणून खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्यावा, पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर रोप लावावे आणि बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर ठेवावा, असे ते सांगतात. पाचोळ्याचा मुद्दा आमच्या सोसायटीत वादाचा झाला. २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रणी राहिलेल्या शहरात पडलेले पान हे केर मानण्याची सवय जडली आहे. पण कितीतरी पतंगांचे कोष त्या पानांत असतात, गांडुळे त्यावर जगतात, आणि खाली ओल टिकते. शेवटी कुंपणालगतची पट्टी विटांनी आखून तेवढ्यात पाचोळा राहू द्यायचा असे ठरले, आणि ती पट्टी स्वच्छ आणि नीटनेटकी दिसते.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव पिशव्यांची. पळस, मोह, तेंदू ही झाडे आधी मूळ खोल नेतात. पळसाचा तर वरचा कोंब पहिली काही वर्षे उन्हाळ्यात वाळून जातो आणि जमिनीखाली मूळ जाड होत राहते. अशा झाडांना उंच, अरुंद पिशवी लागते. येथे बहाव्यालाही आणि पळसालाही सारखीच आखूड पिशवी आहे, आणि वर्षभर राहिलेल्या रोपांची मुळे तळाशी गुंडाळलेली आढळतात. असे रोप पुढे जोरदार वाऱ्यात कोसळू शकते. म्हणून पळस आणि मोह यांची त्याच वर्षीची, एक वितीपेक्षा लहान रोपे मागून घ्यावीत, ती कितीही किरकोळ दिसली तरी. दुसरे असे की तेंदूचे रोप बहुधा मिळत नाही. बॅरोनेट हे गर्द नारिंगी फुलपाखरू तेंदूच्या पानांवर वाढते आणि मानपूरच्या घाटात ते अजून दिसते, तेव्हा या नर्सरीने तेंदूवर मेहनत घ्यावी अशी माझी विनंती आहे. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, कारण दोघेही रोपांत असतात. बिल मागितल्यावरच मिळते, आणि सोसायटीला हिशेबासाठी ते लागते म्हणून आधी सांगून ठेवावे. घरपोच सेवेसाठी येणाऱ्या टेम्पोत रोपे उभी ठेवण्याची सोय नाही. आमच्याकडे आली तेव्हा काही पिशव्या फुटून माती सांडली होती, आणि ज्या मातीसाठी येथून रोप घ्यायचे तीच वाटेत गेली तर काय उपयोग? शक्य असेल त्यांनी स्वतःच्या गाडीने न्यावीत.

दर इतर नर्सऱ्यांच्या तुलनेत थोडे कमीच आहेत, चंदन सोडून. त्यात सोबतच्या तुरीची आणि दीड वर्षाच्या देखभालीची किंमत धरलेली आहे आणि ती मला वाजवी वाटते. बियांच्या पुड्या स्वस्त आहेत. बेल, बहावा, करंज, बोर, कढीपत्ता वर्षभर मिळतात. मोहाची आणि कडुनिंबाची ताजी रोपे ऑगस्टपासून मिळू लागतात आणि लवकर संपतात, पण काकूंच्या वहीत आधी नाव लिहून ठेवले तर त्या बाजूला काढतात. सकाळी दहाच्या आत जावे, कारण त्यानंतर काका बहुधा कोणाच्या तरी अंगणात पहार घेऊन गेलेले असतात, आणि झाड निवडण्याआधी जागेचे माप, उन्हाची दिशा व जवळच्या भिंतीचे अंतर लिहून न्यावे. हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ते रोप देत नाहीत.